फ्लिक-आँ-फ्लॅकचा फ्लॅट

फ्लिक-आँ-फ्लॅक म्हणजे मॉरिशसमधलं समुद्रकाठचं गाव. फ्लॅट बघताना मी बाल्कनीतून समुद्र बघत होतो, बायको नळ सोडून पाण्याचा जोर! मॉरिशसमध्ये परदेशी माणसाला हवं ते घर घेता येत नाही. तळमजला सोडून किमान दोन मजले असलेल्या इमारतीतला फ्लॅट चालतो, तोही ६० लाख मॉरिशियन रुपयांच्या खाली नाही. राहण्याचा परवाना हवा तर सरकारमान्य योजनेत किमान ३,७५,००० अमेरिकन डॉलरचं घर. हे आमच्या दलालाने कधी सांगितलं? इसार देऊन झाल्यावर. खरेदीखत नोटरीकडे, तेही फ्रेंचमध्ये. मी नुसती मान डोलावत होतो. खिडक्यांना चक्रीवादळासाठी जाडजूड शटर, बिजागऱ्या मात्र खाऱ्या हवेने गंजलेल्या. गणेशचतुर्थीला इथे सरकारी सुट्टी. शेजारच्या मराठी आजी आरती तोंडपाठ म्हणतात, मोदक वाढताना मात्र थेट क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोली.