अक्षय्य तृतीया आणि हाडांचं चर्च

आमच्या धंद्यात मे महिना म्हणजे सुगी, शाळांना सुट्टी लागली की युरोपच्या ग्रुप टूर एकामागोमाग एक सुटतात, आणि ऑफिसात आयटिनरी बनवणारा माणूस पंचांग उघडून बसत नाही. त्यामुळे त्या दिवशी प्रागमध्ये अक्षय्य तृतीया येतेय हे मला ब्रेकफास्टला कळलं, तेही जळगावच्या एका काकूंकडून. चाळीसेक गेस्ट होते, बहुतेक साठीच्या पुढचे. काकू म्हणाल्या, ताई, आज आखाजी आहे, आणि तुमच्या कागदावर दुपारी ते हाडांचं चर्च लिहिलंय, आम्ही नाही येणार. मी म्हटलं बघू. पण साडेनऊला कोचमध्ये बसेपर्यंत पंधरा-सोळा जणांनी मान डोलावली होती. "सणासुदीला कवट्या बघायच्या का?" ह्याला उत्तर काय देणार.

बरं, रद्दही करता येत नव्हतं. ते चर्च ज्या गावात आहे ते कुत्ना होरा प्रागपासून साधारण 70 किलोमीटर, तिकिटं आधीच घेतलेली, बाकीचे वीस-पंचवीस जण फक्त त्याचसाठी उत्सुक. अर्ध्यांना प्रागमध्ये ठेवावं तर त्यांच्यासोबत राहणार कोण, मी एकटी आणि कोच एक. शिवाय ड्रायव्हरचे तास. इकडे ड्रायव्हरला दिवसात 9 तास, आठवड्यातून फार तर दोनदा 10 तास चालवता येतं, साडेचार तासांनंतर 45 मिनिटं थांबावंच लागतं, रात्रीची विश्रांती द्यावीच लागते, टॅकोग्राफवर, म्हणजे गाडीतल्या नोंदयंत्रावर, सगळं नोंदलं जातं. आपल्याकडच्यासारखं "भाऊ, जरा अ‍ॅडजस्ट करा" चालत नाही.

सकाळ नेहमीसारखी गेली. किल्ला, सेंट व्हाइटस कॅथीड्रल (1344 ला सुरू झालं आणि पूर्ण झालं 1929 ला, हे सांगितलं की ग्रुपमधून कुणीतरी आपल्या गावच्या पुलाचं नाव घेतोच), मग उतरत उतरत चार्ल्स ब्रिज. पुलावर संत नेपोमुकच्या पुतळ्याखालच्या पितळी पट्टीला हात लावायला रांग. 1393 मध्ये ह्या माणसाला राजाने व्लतावा नदीत फेकून मारलं आणि आता सगळं जग त्याच्याकडे नशीब मागतं. आमच्यातले दुपारी न येणारेही हात लावून आले, त्याचं मात्र कुणाला काही वाटलं नाही.

बाराच्या आधी ओल्ड टाऊन स्क्वेअरमध्ये पोचलो, त्या प्रसिद्ध घड्याळाखाली. ओरलॉय म्हणतात त्याला, 1410 चं आहे, अजून चालतं. इथे माझी ठरलेली गोष्ट असते, मास्टर हानुशने हे बनवलं आणि दुसरीकडे असं घड्याळ करू नये म्हणून नगरसभेने त्याचे डोळे काढले. लोकांना आवडते, ताजमहालच्या कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट आपल्याला आवडते तशीच. खरं म्हणजे ते केलं कादानच्या मिकुलाशने, आणि गणित होतं प्राग विद्यापीठातल्या यान शिंडेलचं, पण त्यात रक्त नाही ना. बाराला सांगाडा दोरी ओढतो, खिडक्या उघडतात, प्रेषित म्हणजे येशूच्या शिष्यांचे पुतळे फिरून जातात, कोंबडा आरवतो, खेळ खलास. लोक मोबाईल खाली करतात आणि म्हणतात, एवढंच?

त्या दिवशीही तेच झालं. सगळे पांगायला लागले आणि मी डोकी मोजली तर एक कमी. आमचे गुरुजी. रत्नागिरीकडचे, आयुष्यभर पौरोहित्य केलेले, मुलाने टूरला पाठवलेले, आणि तोवर बसमध्ये "पाणी आहे का" ह्यापलीकडे बोललेले मला आठवत नव्हते. ते अजून तिथेच, मान वर करून. मी जवळ गेले, गुरुजी चला जेवायला, तर म्हणाले, "अगं पोरी, हे तर पंचांग आहे."

आणि मग सुरूच झाले. वरची मोठी तबकडी बघ, मध्ये पृथ्वी, तिच्याभोवती रवि आणि चंद्र, बाजूला सरकलेलं वर्तुळ दिसतंय ते राशींचं. चंद्राचा गोळा अर्धा काळा अर्धा चांदीचा, तो स्वतःभोवती फिरतो आणि कला दाखवतो. आत्ता चांदीची नुसती कोर दिसतेय आणि रविपासून लांबही नाहीये, म्हणजे तृतीयाच. त्या वाकड्या सोनेरी रेषा आहेत ना, त्या दिवसाचे बारा भाग, उन्हाळ्यात मोठे आणि हिवाळ्यात लहान, आपल्या होऱ्याच ह्या. बाहेरच्या कड्यावर जुना चेक दिवस मोजतात, सूर्यास्तापासून चोवीस तास (हे आमच्या लोकल गाईडने सांगितलं, तीही आता थांबली होती). गुरुजींना ते फार आवडलं. "आपला वार सूर्योदयाला बदलतो, ह्यांचा मावळतीला."

पण एका गोष्टीवर ते अडले. अक्षय्य तृतीयेला रवि मेषेत आणि चंद्र वृषभेत, दोघेही उच्चीचे, म्हणून तर दिवस एवढा मोठा. आणि ह्या तबकडीवर रवि वृषभेत, चंद्र मिथुनेत, दोघेही एकेक घर पुढे. मला वाटलं घड्याळ बिघडलंय म्हणतात की काय, मे 1945 मध्ये जर्मन माऱ्यात ते जळलं होतं आणि 1948 ला पुन्हा सुरू झालं एवढं मला माहीत होतं. तर ते म्हणाले, छे, हे सायन आहे, आपलं निरयन. हे लोक राशी मोजतात वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा रवि असतो त्या बिंदूपासून, आपण ताऱ्यांपासून, आणि पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो म्हणून संपात मागे सरकत राहतो, आजवर जवळपास 24 अंश. तोवर पंचवीसेक जण परत येऊन गोळा झाले होते. सोलापूरचे एक काका म्हणाले 24 बरोबर, आमच्या दाते पंचांगात तसंच. त्यावर गुरुजी म्हणाले, आमच्या घरी टिळक पंचांग, आमचे चार अंश कमी. झालं, युरोपच्या मधोमध दाते विरुद्ध टिळक. त्यातून सोडवून त्यांना रेस्टॉरंटला नेईपर्यंत पनीर थंड झालं होतं.

जेवताना मी तो विषय काढलाच. म्हटलं गुरुजी, तुम्हीच सांगा, आज त्या चर्चमध्ये जावं की नाही, तुम्ही नको म्हणालात तर मी ऑफिसला फोन करते. त्यांनी विचारलं, आहे काय तिथे? मी सांगितलं. 1278 मध्ये तिथल्याच सेडलेत्सच्या मठाचा प्रमुख जेरुसलेमला गेला आणि गोलगोथाच्या, येशूला क्रुसावर चढवलं त्या, टेकडीवरची मूठभर माती आणून त्याने इथल्या दफनभूमीत टाकली. तेव्हापासून लांबलांबच्या लोकांना इथेच पुरून घ्यायचं होतं. मग चौदाव्या शतकातला प्लेग आला, नंतर हुसाइट पंथाची धर्मयुद्धं, जागा पुरेना, हाडं वर काढून खालच्या चॅपलमध्ये रचली, 40,000 ते 70,000 माणसांची असतील म्हणतात. 1870 मध्ये रिंट नावाच्या सुताराने त्यांची सजावट केली, झुंबरसुद्धा हाडांचंच.

गुरुजी म्हणाले, म्हणजे ह्यांची काशी. आणि काकूंकडे वळले. "आखाजीला तुमच्याकडे काय करतात?" काकू म्हणाल्या, घागर भरतो, पितरांना पुरणपोळी. "मग? आजचा दिवस पितरांचाच. आम्ही उदककुंभ देतो, तुम्ही घागर भरता." काकूंनी वाद घातला, पण ती आपली माणसं नाहीत हो. ते म्हणाले, तर्पणात आपण ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळ्यांना पाणी देतो, तिथे कुठे आडनाव विचारतो?

सगळे आले असं नाही. दोघीजणी कोचमध्येच बसल्या, मीही आग्रह केला नाही. बाकीचे आत गेले. तिथे 2020 पासून फोटोला बंदी आहे आणि मला तो नियम मनापासून आवडतो, कारण त्याआधी कवटीच्या गालाला गाल लावून सेल्फी काढणारे मी पाहिलेत. आत वीसेक मिनिटं लागली असतील, काकू सगळ्यात शेवटी बाहेर आल्या. सेंट बार्बरा चर्च घाईत उरकलं. चांदीच्या खाणीतल्या कामगारांचं हे गाव, 1300 पासून इथे चांदीची नाणी पाडायचे, तर एकाने लगेच विचारलं की सोनं नाही तर नाही, आज चांदी तरी मिळेल का.

सोन्यावरून आठवलं आणि मग कोचमध्ये सगळ्यांनाच आठवलं. प्रागला परतल्यावर गार्नेटच्या दुकानासमोर थांबावंच लागलं. लाल खडे सुंदर असतात पण नकलीही खूप विकतात, तेव्हा सर्टिफिकेट मागा असं मी ओरडून सांगत होते, ऐकतंय कोण. सोलापूरच्या काकांच्या मिसेसनी पेंडंट हातात धरून गुरुजींना विचारलं, आत्ता मुहूर्त कसा आहे? गुरुजी दारात बाकावर बसले होते. म्हणाले, साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे, वेगळा बघावा लागत नाही, भाव तेवढा बघा.

आठ मिनिटांत चला म्हटलं मी, ड्रायव्हर घड्याळ दाखवत होता.