ओल्या स्वेटशर्टचं वजन

शिडाच्या बोटींच्या शर्यतीत मी इक्विपमेंट इन्स्पेक्टरचं काम करतो. बोट, शीड, दोऱ्या, कपडे नियमात बसतात की नाही ते पाहायचं. बरंचसं काम कंटाळवाणं असतं. कुलाब्याच्या बाजूला एप्रिलमध्ये झालेल्या एका स्पर्धेतली ती दुपार मात्र मी विसरू शकत नाही.

इल्का ६ या एकट्याने चालवायच्या छोट्या शिडाच्या बोटींच्या वर्गाची शर्यत होती. जुनी मंडळी या बोटीला अजून लेझर रेडियलच म्हणतात. रिकाम्या हलचं, म्हणजे नुसत्या बोटीच्या सांगाड्याचं, वजन सुमारे ५९ किलो आणि तोल सांभाळायला तळाशी शिशाचं जड कील वगैरे काही नाही. पूर्वी आपल्याकडची गलबतं रिकामी निघाली की पोटात दगड-वाळूचं नीरम, म्हणजे तोल राखणारं वजन, भरत. इथे नीरम म्हणजे चालवणारा माणूसच. पाय पट्ट्यात अडकवायचे, अंग बोटीबाहेर झोकून द्यायचं आणि वाऱ्याने कलणारी बोट सपाट ठेवायची. अंग हलकं असेल तर जोराच्या वाऱ्यात शीड सैल सोडावं लागतं आणि वेग जातो.

दुपारी वायव्येचा वारा चांगलाच चढला. शर्यत संपल्यावर आम्ही काही बोटी तपासणीसाठी बाजूला घेतल्या. त्यात सतरा वर्षांचा एक मुलगा होता, अंगाने सडपातळ, वजन ५८ किलो. लाइफजॅकेट काढलं तर आत एकावर एक दोन सुती, जाड, पूर्ण बाह्यांचे स्वेटशर्ट. मुंबईतला एप्रिल! बाकीची पोरं पातळ लायक्रात होती.

नियम असा आहे की अंगावरचे कपडे आणि साहित्य मिळून ८ किलोच्या वर जाता कामा नये. गुडघ्याखालचे बूट यात धरत नाहीत, लाइफजॅकेट धरतात. वजन ओलंच करायचं. सगळं पाण्यात पूर्ण भिजवायचं, रॅकवर पसरायचं, एक मिनिट निथळू द्यायचं आणि मग काट्यावर घ्यायचं. जास्त भरलं तर स्पर्धकाला कपडे वेगळ्या तऱ्हेने मांडून आणखी दोनदा संधी मिळते.

पहिल्यांदा काटा ८.४ वर थांबला. मुलाने बाह्या उलगडून टांगल्या, ८.१. तिसऱ्यांदा त्याने प्रत्येक कपडा सुटा केला, बगलेत साचलेलं पाणी वाहून जाईल असा ताणून लावला. त्याची बोटं थरथरत होती. मिनिट भरलं. ७.९.

त्याने सुस्कारा सोडला. पण नियमाचं आणखी एक वाक्य आहे, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं: वजन वाढवण्याच्या हेतूने काहीही घालायचं नाही. मग ते ८ किलोच्या आत असलं तरी. हेतू काट्यावर ठेवता येत नाही, म्हणून मी सरळ विचारलं, "हे दोन-दोन कशाला घातलेस?"

थंडी वाजते म्हणाला असता तर मी काय करणार होतो? तो म्हणाला, "सर, जड व्हायला. मी हलका पडतो असं सगळे म्हणतात."

मी म्हटलं, मला हे लिहून वर द्यावं लागेल, प्रोटेस्ट, म्हणजे नियमभंगाची रीतसर तक्रार, होईल. तो ओले कपडे हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला आणि मग स्वतःच रेस ऑफिसात जाऊन त्या शर्यतीतून निवृत्ती लिहून आला. त्या शर्यतीत तो चौथा आला होता.

मला राग आला तो त्याला हे सुचवणाऱ्या मोठ्यांचा. फिन या एकट्याने चालवायच्या दुसऱ्या बोटीच्या वर्गातले खेळाडू एके काळी पाण्याने भरलेली जॅकेटं घालून शर्यती करत आणि पाठीचं दुखणं घेऊन बसत. त्यातूनच या मर्यादा खाली आल्या. वाढत्या वयाच्या मुलाच्या मणक्यावर तेच ओझं पुन्हा कशाला?

आणि फायदा तरी किती? स्पर्धा संपल्यावर त्याच्या प्रशिक्षकासमोर मी खडूने जमिनीवर हिशेब मांडला. बोटीच्या मधल्या रेषेपासून सव्वा मीटरवर एक किलो जादा ठेवला तर बोट सपाट करायला जेवढा जोर मिळतो, जवळजवळ तेवढाच जोर ५८ किलोचं अंग दोन सेंटिमीटर आणखी बाहेर गेल्यावर मिळतो. शिवाय कपड्यातला किलो वारा पडल्यावरही अंगावरच राहतो आणि बोट पाण्यात तेवढी खाली बसते.

मग त्याला किनाऱ्यावरच बोटीत बसवलं. पाय अडकवायचा पट्टा फार आवळलेला होता. बोटीची कड गुडघ्याजवळ यायला हवी, ती मांडीच्या मध्यावर येत होती. प्रशिक्षकाने दोरी सैल करून गाठ सरकवली. मुलगा पुन्हा मागे झुकला. खांदे बरेच बाहेर गेले, स्वेटशर्टांनी जेवढं कमावलं होतं त्याहून जास्त. मांड्या लगेच थरथरायला लागल्या.

"सर, हे तर जास्त दुखतं," तो म्हणाला.

"दुखणारच. रोज थोडं थोडं वाढव," प्रशिक्षक म्हणाले आणि घड्याळ लावून बसले.