भाव आदल्या रात्रीच ठरतो

आयपीओच्या (कंपनीचे शेअर पहिल्यांदा लोकांना विकण्याच्या, म्हणजे ‘इश्यू’च्या) शेवटच्या दिवशी बातम्यांत ‘इतके पट भरला’ एवढंच येतं. इश्यू चालवणाऱ्या आमच्यासारख्या बँकेत चार वाजल्यानंतर सगळ्यांचे डोळे असतात ते उतरंडीवर: कुठल्या भावाला किती शेअरची मागणी आहे. किरकोळ अर्जदाराला ‘कट-ऑफ’वर, म्हणजे ‘ठरेल तो भाव मान्य’वर, खूण करून मोकळं होता येतं. म्युच्युअल फंड, विमा कंपन्या अशा संस्थांना, म्हणजे क्यूआयबींना, भाव लिहावाच लागतो आणि एकदा बोली लावली की ती मागे घेता येत नाही की कमी करता येत नाही. म्हणून त्या शेवटच्या तासाभरात येतात, आणि म्हणूनच ती उतरंड खरं बोलते.

ही गोष्ट ज्या इश्यूची, ती कंपनी मालवाहतूक आणि गोदामांच्या धंद्यातली, तोट्यातली. (ओळख लपावी म्हणून धंदा आणि आकडे थोडे बदललेत, गणित तेच आहे.) नफ्याचा पुरेसा इतिहास नसला की सेबीच्या (बाजाराच्या नियामकाच्या) नियमांत एकच वाट उरते: किमान ७५ टक्के शेअर क्यूआयबींना, फार तर १५ टक्के मोठ्या बिगर-संस्थात्मक अर्जदारांना आणि फार तर १० टक्के किरकोळांना. क्यूआयबींचे ७५ टक्के पूर्ण वाटले गेले नाहीत तर अख्खा इश्यू रद्द. हा हिस्सा अंडरराइट करता येत नाही, म्हणजे न खपलेले शेअर बँकेने उचलायची हमी चालत नाही, आणि किरकोळांचा भाग वीस पट भरला तरी तिथली जादा मागणी इकडे वळवता येत नाही. टीव्हीवर ‘इश्यू पूर्ण भरला’ अशी पट्टी चालू असताना इश्यू बुडू शकतो, हे बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही.

इश्यू ३ कोटी ७५ लाख शेअरचा होता, सगळा एका जुन्या फंडाच्या विक्रीचा. कंपनीला त्यातला रुपयाही मिळायचा नव्हता. किंमतपट्टा ३०४ ते ३२०. क्यूआयबींचा वाटा २ कोटी ८१ लाख २५ हजार. त्यातले ६० टक्के, म्हणजे १ कोटी ६८ लाख ७५ हजार, इश्यू उघडायच्या आदल्या दिवशीच अँकर गुंतवणूकदारांना, म्हणजे इश्यूआधीच शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्थांना, ३२०ने देऊन झाले होते. उरलेल्या १ कोटी १२ लाख ५० हजारांसाठी चार वाजता उतरंड अशी दिसत होती: ३२०ला १ कोटी १८ लाख, ३१२ला (३२०वाले धरून) १ कोटी ४१ लाख. वरच्या टोकाला जेमतेम पाच टक्के जादा.

थोड्याच वेळात अर्ज तपासणाऱ्या रजिस्ट्रारकडून फोन आला. “साहेब, एका परदेशी फंडाच्या दोन बोली आहेत, पॅन एकच. एमआयएमचं जोडपत्र दिसत नाही. दोन्ही बाद जातील.” मोठे परदेशी फंड आपला पैसा अनेक व्यवस्थापकांना वाटून देतात. प्रत्येकाचं डीमॅट खातं वेगळं, पॅन मात्र फंडाचा. अशा बोली चालतात, पण ‘आमची रचना अनेक व्यवस्थापकांची, म्हणजे एमआयएम, आहे’ अशी कबुली प्रत्येक अर्जासोबत जोडावी लागते. ती नसेल तर एका पॅनवरच्या दोन बोली म्हणजे दुबार अर्ज, आणि दुबार अर्ज म्हणजे कचरा. एक बोली सहा लाखांची, दुसरी चार लाखांची. दहा लाख वजा केले की उरतात १ कोटी ८ लाख. गरजेपेक्षा साडेचार लाखांनी कमी.

जोडपत्र स्क्रीनवर दिसणार कुठून? एक्स्चेंजच्या बोली-यंत्रणेत पॅन, डीमॅट खात्याचे क्रमांक (डीपी आयडी, क्लायंट आयडी), शेअरची संख्या, भाव आणि पैसे अडवलेल्या बँकेचा तपशील, एवढंच भरलं जातं. अर्जाचे कागद राहतात बोल्या गोळा करणाऱ्या सिंडिकेट मेंबरच्या ऑफिसात. तिथली पोरं पावणेचारला एका हाताने बोल्या टाकत असतात आणि दुसऱ्या हाताने गठ्ठे बांधत असतात. शेकडो कोटींचा इश्यू स्टेपलरच्या पिनेवर लटकतो तो असा.

पूर्वी हे निस्तरायला वेळ होता. इश्यू बंद झाल्यापासून सहा कामकाजी दिवसांत लिस्टिंग, म्हणजे शेअरची बाजारात नोंद, व्हायचं. डिसेंबर २०२३पासून तीन दिवसांत करणं सक्तीचं आहे. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळपर्यंत वाटपाचा आधार (कोणाला किती शेअर) एक्स्चेंजकडून मंजूर करून घ्यायचा, म्हणजे भाव त्याच्याही आधी. किरकोळ अर्जदाराचे पैसे लवकर सुटतात हे चांगलंच आहे, पण चुका सापडायला पूर्वी जो वेळ मिळायचा तो आता मिळत नाही.

भावाच्या बैठकीत मी ३१२चा मुद्दा काढला. त्या भावाला वादातले दहा लाख सोडूनही १ कोटी ३१ लाखांची मागणी होती, इश्यू निर्धास्त पार पडला असता. विकणाऱ्या फंडाचा तोटाही वाटतो तेवढा नाही. कारण नियम असा आहे की अंतिम भाव अँकरच्या भावापेक्षा कमी ठरला, तरी अँकरना फरक परत मिळत नाही, ते ३२०च मोजतात. उलट भाव वर गेला तर वरचा फरक त्यांनी भरायचा. म्हणजे तोटा फक्त उरलेल्या २ कोटी ६ लाख २५ हजार शेअरवर, शेअरमागे आठ रुपये. साडेसोळा कोटी. आमची दोन टक्के फी तेहतीस लाखांनी घटली असती, तीही तीन बँकांत वाटून.

अडलं ते फीवर नाही. “अँकर ३२० देणार आणि नंतर आलेले ३१२? उद्या त्यांचे फोन कोण घेणार?” असं संस्थात्मक विक्रीच्या प्रमुखांनी विचारलं आणि विषय संपला. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. अँकरच्या यादीतली बहुतेक नावं रोज आमच्या ब्रोकिंग डेस्कवरून खरेदी-विक्री करतात.

मोठी इन्व्हेस्टमेंट बँक वाढते तीच मुळी अशी. मुंबईतल्या पेढ्यांनी आधी परदेशी भागीदार घेतले: कोटकबरोबर गोल्डमन सॅक्स, जेएमबरोबर मॉर्गन स्टॅनली, डीएसपीबरोबर मेरिल लिंच. २००६मध्ये गोल्डमन कोटकपासून वेगळी झाली, २००७मध्ये जेएम आणि मॉर्गन स्टॅनली वेगळे झाले, आणि प्रत्येकाने सगळी दुकानं स्वतःच्या छताखाली मांडली. इश्यू आणणारा विभाग, संस्थांना शेअर विकणारा, श्रीमंतांचा पैसा सांभाळणारा, पुढे एकगठ्ठा मोठे सौदे (ब्लॉक डील) करणारा. इश्यूची फी वर्षात कधी येते, कधी नाही. दलाली रोज येते. त्यामुळे विकणाऱ्याचे सल्लागार म्हणून आम्ही टेबलावर बसतो तेव्हा घेणाराही आमचाच गिऱ्हाईक असतो. बाहेर ‘पूर्ण सेवा’ म्हणून मिरवतो ते हेच.

जोडपत्र रात्री सापडलं. दोन्ही अर्जांचं, एकत्र, तिसऱ्याच फंडाच्या अर्जामागे टाचलेलं. स्कॅन रजिस्ट्रारला गेलं, भाव ३२० जाहीर झाला. कोणीतरी केक मागवला.

मग जे व्हायचं तेच झालं. संस्था हव्या त्यापेक्षा जास्त मागतात, कारण चाळीस-पन्नास पट भरणाऱ्या इश्यूंत हाती तुकडाच लागतो. इथे दहा लाख मागणाऱ्याला साडेनऊ लाख मिळाले, पोटापेक्षा दुप्पट. अँकरचे निम्मे शेअर ३० दिवस आणि निम्मे ९० दिवस अडकलेले असतात; बाकीच्या क्यूआयबींना असं लॉक-इन नाही. जादा आलेला माल पहिल्याच सकाळी बाजारात आला. शेअर २९६ला उघडला, साडेसात टक्के खाली. कट-ऑफवर खूण केलेल्या किरकोळ अर्जदाराने ३२० मोजले होते, आणि उतरंडीत काय दिसत होतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर भावनिहाय मागणी दिसते, बघणारा विरळा.

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक इश्यू पट्ट्याच्या वरच्या टोकालाच का मिटतो, याचं उत्तर मला अँकरला फरक परत न मिळण्याच्या नियमात दिसतं. अँकरला वरचा भाव लागला की खाली यायची वाट बंद. मग बोल्यांवरून भाव ठरवायचं तीन दिवसांचं बुक बिल्डिंग उरतं कशाला? माझं म्हणणं, अँकरला फरक परत द्यावा आणि बदल्यात त्याचं लॉक-इन वाढवावं. आमच्या कंप्लायन्सच्या (नियमपालन बघणाऱ्या) मॅडमना हे अजिबात मान्य नाही. फरक परत मिळणार हे माहीत असलं की अँकर डोळे मिटून वरचा भाव लिहील, आणि त्याच्या नावाकडे बघून येणारे आणखी फसतील, असं त्या म्हणतात. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

कामात बदललं ते एवढंच: एमआयएमची बोली असेल तर जोडपत्राचं स्कॅन रजिस्ट्रारला पोचल्याचं उत्तर येईपर्यंत ती यंत्रणेत टाकायची नाही, आणि अशा बोल्यांसाठी शेवटच्या दिवशी दुपारी दोनची मुदत.