25 डॉलरचा व्हिसा आणि बायकोचा 4 जुलैचा वाढदिवस

माझी बायको 7 एप्रिलची. व्हिएतनाम सरकारच्या लेखी ती 4 जुलैची निघाली, आणि त्या एका कारणावरून मुंबई विमानतळावर रात्री पावणेदहाला आम्हाला काउंटरवरून बाजूला उभं केलं. व्हिएतनाम कसं आहे ते सांगणारे शंभर जण भेटतील. मी मुख्यतः या पावणेदहाबद्दल लिहिणार आहे. डिसेंबरात जाऊन आलो, अजून राग उतरलेला नाही, तेव्हा भाषा थोडी तिखट वाटली तर सांभाळून घ्या.

आम्ही चौघं, चाळीसगावचे: मी, बायको, धाकटा भाऊ आणि भावजय. घरात याआधी परदेशात कुणी गेलेलं नव्हतं, म्हणून सगळं गावातल्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे सोपवलं. माणूस ओळखीचा. त्याच्या गाडीतून आम्ही शिर्डी, उज्जैन केलेलं. व्हिसाचे त्याने माणशी 7,200 रुपये सांगितले. मी विचारलं, एवढे? तर म्हणाला, "भो, परदेशाचं काम आहे." मी गप्प बसलो. इथेच चुकलो.

व्हिएतनामचा ई-व्हिसा एकदा प्रवेशाचा असेल तर 25 डॉलरला मिळतो, अनेकदा प्रवेशाचा 50 डॉलरला. म्हणजे आपले सव्वादोन हजारांच्या आसपास, वर कार्डाचं किरकोळ शुल्क. ऑगस्ट 2023 पासून तो 90 दिवसांपर्यंतचा मिळतो. वकिलातीत जायला लागत नाही, मुलाखत नाही, बँकेचं स्टेटमेंट नाही. पासपोर्टच्या फोटोच्या पानाची प्रत, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा बिनचष्म्याचा फोटो, तिथला राहण्याचा पत्ता, कुठून आत जाणार आणि कुठून बाहेर पडणार, एवढंच. दहावीतल्या पोराला भरता येईल असा अर्ज आहे.

मग 7,200 कुठून आले? आमच्या माणसाने सरकारी साइटवर अर्ज भरलाच नव्हता. शोधल्यावर सगळ्यात वर जी साइट आली, तीच त्याने उघडली. लाल झेंडा, पिवळा तारा, कोपऱ्यात शिक्क्यासारखं काहीतरी. दिसायला सरकारीच. अशा साइट अर्ज घेतात, तोच अर्ज पुढे सरकारी साइटवर भरतात आणि मधले पैसे ठेवून घेतात. खऱ्या साइटचा पत्ता 'जीओव्ही डॉट व्हीएन' ने संपतो. 'डॉट कॉम', 'डॉट ऑर्ग' असलं काही शेवटी दिसलं की बंद करा, मग तिच्यावर झेंडे कितीही फडकत असोत.

पैसे जास्त गेले याचं दुःख मी पचवलं असतं. मधल्या माणसाने जन्मतारीख बिघडवली, ते पचत नाही.

त्या साइटवर तारीख अमेरिकन पद्धतीने भरायची होती, आधी महिना, मग दिवस. मी 23 तारखेचा, भाऊ 19 चा, भावजय 30 ची. आमच्या तारखा आपल्या पद्धतीने टाकल्यावर साइटने लाल अक्षरं दाखवली, कारण तेविसावा महिना नसतो. तेव्हा ट्रॅव्हल्सवाल्याने उलट्या करून टाकल्या. बायकोची 07/04 मात्र मुकाट्याने गेली, कारण सातवा महिना असतो. तीनदा उलटं केल्यावर चौथ्यांदा डोक्यात प्रकाश पडू नये? परत आल्यावर मी त्याला हेच विचारलं. म्हणाला, "लाईट गेलेली होती, घाईत होतो."

आणि माझी चूक अशी की व्हिसा हातात आल्यावर मी नावं वाचली, पासपोर्ट नंबर ताडला, तारीख पाहिली नाही. चार कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून देवघराजवळ ठेवले.

दुपारच्या गाडीने कल्याणला आलो, तिथून टॅक्सीने विमानतळ. शुक्रवार होता. काउंटरवरच्या मुलीने तिघांचे कागद झरझर पाहिले, चौथ्यावर बोट थांबलं. पासपोर्ट पुन्हा पाहिला. आत जाऊन कुणाला तरी विचारून आली आणि म्हणाली, "सर, मॅडमची जन्मतारीख जुळत नाही. आम्ही बोर्डिंग देऊ शकत नाही." मी म्हटलं, टायपिंगची चूक आहे, तिथे उतरल्यावर सांगू. ती म्हणाली, तिथून परत पाठवलं तर परत आणायची जबाबदारी कंपनीवर येते, म्हणून इथेच थांबवावं लागतं. खरं सांगायचं तर तिचं काही चुकलं नाही. त्या वेळी मात्र मी तिला नको ते बोललो.

मागून भाऊ आला. "दादा, काय व्हयनं?" मी कागद दाखवला. त्याने वाचला आणि भर विमानतळावर म्हणाला, "वहिनीना जलमच बदली गया!" भावजय हसायला लागली, मग बायकोही. मी सोडून सगळे हसत होते.

दिलेला व्हिसा दुरुस्त होत नाही. नवा अर्ज, नवे 25 डॉलर, आणि लागतात तीन कामाचे दिवस. शनिवार-रविवार ते कार्यालय बंद. म्हणजे शुक्रवारी रात्री अडकलेल्या माणसाला सोमवारपर्यंत कुणी वाली नाही. म्हणून सांगतो, शुक्रवारचं विमान घेऊ नका. मंगळवार-बुधवारचं घ्या, अडकलात तर निदान तिथलं कार्यालय उघडं असेल.

भाऊ-भावजयीला पुढे पाठवलं. हॉटेलांचे पैसे भरलेले होते, चौघांचं नुकसान कशाला? आम्ही दोघं विमानतळावरच्या खुर्च्यांवर बसलो आणि रात्री सव्वाएकला मोबाईलवरून खऱ्या साइटवर मी स्वतः अर्ज भरला. 25 मिनिटं लागली, त्यातली दहा बायकोचा चष्म्याशिवायचा फोटो पांढऱ्या भिंतीसमोर काढण्यात गेली. अर्ज झाल्यावर नोंदणी क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा, त्याच्याशिवाय पुढे काही दिसत नाही. मेलची वाट पाहू नका, आपणच साइटवर क्रमांक टाकून बघत राहायचं.

शनिवारी एका 'तातडीच्या' सेवेने फोनवर 240 डॉलर मागितले, सोमवारी दुपारपर्यंत व्हिसा देतो म्हणून. मी नाही दिले. तो शहाणपणा होता की हट्ट, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. व्हिसा बुधवारी दुपारी आला. तोवर कल्याणला साडूंकडे राहिलो. साडू रोज सकाळी चहा देताना विचारायचे, "मग, आज व्हिएतनाम?" तिकिटाची तारीख बदलायला माणशी 9,800 गेले. भावाने हालाँग बे पाहिली. मी नाही पाहिली. फोटो दाखवतो तो अधूनमधून.

आता जायचंच असेल तर माझं ऐका.

अर्ज स्वतः भरा. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच घाला. आपल्याकडे आडनाव वेगळ्या रकान्यात आणि स्वतःचं नाव व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्या रकान्यात एकत्र असतं. अर्जातही तसेच दोन रकाने आहेत. मधलं नाव गाळू नका. ताडून पाहायची सोपी युक्ती अशी: पासपोर्टच्या फोटोच्या पानावर अगदी खाली मशीनने वाचायच्या दोन ओळी असतात. वरच्या ओळीत आधी आडनाव, मग बाकीचं नाव. खालच्या ओळीत जन्मतारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने. बायकोच्या पासपोर्टवर 790407 आहे. तिथे कोणता आकडा दिवसाचा आणि कोणता महिन्याचा, याचा घोळच होत नाही. व्हिसा आला की घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही पासपोर्ट धरून बसा. तारीख 12 किंवा त्याच्या आतली असेल तर दोनदा वाचा.

जिथे उतरणार त्याच विमानतळाचं नाव प्रवेशाच्या जागी टाका. तिथून कंबोडियात अंगकोर वाटचं मंदिर बघून परत व्हिएतनाममध्ये यायचं असेल तर 50 डॉलरवाला घ्या. 25 वाल्यावर एकदा बाहेर पडलात की संपलं. फक्त फू कुओक बेटावर थेट परदेशातून उतरणार असाल तर 30 दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही, पण तिथून मुख्य भूमीवर जायचं म्हटलं की लागतो.

पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक हवा. भावाचा पाचच महिने उरला होता, तो जळगावच्या पोस्टातल्या सेवा केंद्रातून नवा करून घेतला. 36 पानी पासपोर्टची फी 1,500, तत्काळ हवा असेल तर वर 2,000. यातही एजंट लागत नाही.

आणि हे ईसीआरचं ऐकाच. भाऊ नववीपर्यंत शिकलेला, म्हणून त्याच्या पासपोर्टवर ईसीआर आहे, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाण्याआधी सरकारची परवानगी लागते असा शेरा. ट्रॅव्हल्सवाल्याने 'ईसीआर क्लिअरन्स'चे 1,500 घेतले. ही परवानगी लागते ती आखाती देशांसह काही ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांना. फिरायला जाणाऱ्याला नाही, आणि व्हिएतनाम त्या यादीत नाहीच. आपल्या भागात दहावी न झालेले पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मनात या तीन अक्षरांची धास्ती आहे. त्या धास्तीवर लोक पोट भरतात. शिवाय 'इमिग्रेशन फॉर्म भरण्याचे' म्हणून माणशी 200 घेतले होते. बाहेर जाणाऱ्या भारतीयांचं ते कार्ड जुलै 2017 पासूनच बंद आहे! कुठला फॉर्म भरला याने?

थायलंडला जाणाऱ्यांचीही हीच गत आहे. तिथे 1 मे 2025 पासून पोचण्याआधी ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे. त्याचेही पैसे घेणाऱ्या साइट आहेत, आणि शोधल्यावर त्याच वर येतात.

हनोईत उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेत पावणेदोन तास गेले. रांगेच्या आधी काही जण 'फास्ट ट्रॅक' म्हणत मागे लागतात. नको म्हणा, उभे राहा. घरातून खाऊन निघा, पाय जड पडतील असले बूट घालू नका. अधिकाऱ्याने बायकोचा छापील व्हिसा पाहिला, पासपोर्ट पाहिला, शिक्का मारला. एक शब्द नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढ्यासाठी पाच दिवस?" व्हिसाच्या दोन छापील प्रती ठेवा, मोबाईलवर दाखवतो म्हणू नका. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंगही छापून घ्या. मुंबईला काउंटरवर आणि आपल्या इमिग्रेशनवर दोन्ही विचारलं.

नोटांचं एक. एका रुपयाला साधारण 300 डोंग. तिथली 20,000 ची नोट निळी आणि 5,00,000 चीही निळसर. पहिली सत्तर रुपयांच्या आतबाहेर, दुसरी सोळा-सतराशेची. पहिल्याच रात्री मी नारळपाण्याला मोठी नोट दिली आणि विकणारी बाई ती गल्ल्यात टाकून दुसरीकडे बघायला लागली. भावजयीने तिचा हात धरला. चाळीसगावच्या बाजारात वाढलेली बाई आहे. पैसे परत आले. मोठ्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा. टॅक्सी ॲपवरूनच बोलवा, विमानतळाबाहेर हात धरणाऱ्यांबरोबर जाऊ नका. आपलं यूपीआय चालेल या भरवशावर राहू नका, डॉलर बरोबर न्या.

डिसेंबरात दा नांगकडे पाऊस असतो, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. होई आनमध्ये दोन दिवस छत्रीखाली काढले. 'मी सोन' नावाच्या ठिकाणची शंकराची जुनी मंदिरं भर पावसात पाहिली. ती मात्र चुकवू नका. दक्षिणेला कोरडं होतं. कु चीची युद्धातली भुयारं बसून-वाकून जायची आहेत. पाटणादेवीहून कन्हेरगड चढू शकत असाल तर जमेल, गुडघे बोलत असतील तर वरूनच बघा. मेकाँगच्या बोटीत भाऊ काठावरची केळी मोजत बसला होता आणि रावेरच्या घडापुढे ही काहीच नाहीत असं गाईडला अहिराणीत सांगत होता. गाईड मान हलवत होता. बाकी दिवस चांगले गेले, जेवण शाकाहारी माणसाला मिळतं पण मिळमिळीत. शेवभाजीची आठवण चौथ्या दिवशी येते, ठेच्याची बाटली नेलीत तर चेक-इनच्या बॅगेत टाका.

परत आल्यावर हिशेब घेऊन ट्रॅव्हल्सवाल्याकडे गेलो. 28,800 व्हिसाचे, 19,600 तिकीट बदलल्याचे, 1,500 ईसीआरचे, 800 त्या नसलेल्या फॉर्मचे. ईसीआरचे 1,500 त्याने तिथल्या तिथे मोजून दिले. बाकीच्यांचं आखाजीनंतर बघू म्हणाला.