लाइमलाइट : कळीचा चुना आणि दोन वायू

‘लाइमलाइटमध्ये येणे’ आपण मराठीत सर्रास म्हणतो, पण त्यातला लाइम म्हणजे लिंबू नव्हे, चुना. तोही पानाला लावतो तो नव्हे, कोरडा कळीचा चुना. आज त्या दिव्याविषयी.

ब्रिटिश संशोधक गोल्ड्सवर्दी गर्नीच्या प्रयोगांत हा उजेड दिसला होता. लष्करी अभियंता थॉमस ड्रमंडने 1825 साली आयर्लंडच्या मोजणीसाठी तो डोंगरावर लावला, तेव्हा 60 मैलांहून अधिक अंतरावरून दिसला. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात तो 1837 च्या सुमारास आला.

चुन्याची जेमतेम इंचभर जाडीची वडी उभी बसवायची आणि तिच्यावर हायड्रोजन व प्राणवायूची ज्योत सोडायची, की तापलेला चुना लख्ख उजळतो. प्रमाण दोनास एक. आधी हायड्रोजन पेटवून वडी हळूहळू तापवायची, मग प्राणवायू सोडायचा. घाई केली की वडी तडकते. बंद करताना उलट, प्राणवायू आधी. ज्योत एकाच जागी राहिली तर तिथे खड्डा पडतो आणि उजेड मंदावतो, म्हणून वडी सतत थोडी थोडी फिरवावी लागे. वड्या हवाबंद डब्यात ठेवत. दमट हवा लागली की चुना विरतो, भुगा होतो.

वायू रबरी कापडाच्या पिशव्यांत भरून फळ्यांमध्ये दाबत आणि वर वजने ठेवत. खरी भीती इथेच. एका पिशवीचा दाब कमी झाला की दुसरीतला वायू नळीतून तिच्यात शिरणार, आणि मिश्रणाला ठिणगी मिळाली की स्फोट. म्हणून दोन्हींवर दाब सारखाच हवा. पुढे लोखंडी नळकांडी आली आणि पिशव्यांची कटकट संपली.

एवढ्या उपद्व्यापाचं कारण असं की गॅसच्या दिव्यांनी अख्खा रंगमंच उजळे, पण एकट्या नटाच्या मागे फिरणारा तीव्र झोत त्यांच्यातून निघत नसे. लाइमलाइटपुढे भिंग बसवलं की नायिका जाईल तिकडे उजेड नेता येई. एका दिव्यामागे एक माणूस, उकाड्यात, ज्योतीच्या फुसफुशीत. नाव मात्र झोतातल्याचं, म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या शब्दाला लोकांच्या डोळ्यांसमोर असण्याचा अर्थ चिकटला.

तोवर विजेचे दिवे आले होते. ब्रिटनमधले रंगमंच कामगार नटामागे फिरणाऱ्या विजेच्या झोतदिव्याला मात्र अजूनही ‘लाइम’च म्हणतात.