बटण की टच? आमच्या घरातली रिमोटची परीक्षा

आमच्या हॉलमध्ये चार रिमोट आहेत. टीव्हीचा, सेट टॉप बॉक्सचा, साउंडबारचा आणि एसीचा. आणि रोज रात्री जेवणं झाली की आईचा ठरलेला प्रश्न, "अरे, यातला आवाजाचा कुठला रे?" म्हणून मे महिन्यात ठरवलं की आता एकच युनिव्हर्सल रिमोट ठेवायचा, पण नीट तुलना करूनच.

इंटरनेटवरच्या बऱ्याच तुलना मला पटत नाहीत, कारण त्यात फीचर मोजतात, किती डिव्हाइस चालतात, स्क्रीन केवढी वगैरे. पण रिमोट आपण त्याच्याकडे न बघता वापरतो ना, डोळे टीव्हीवर असतात! त्यामुळे मी फीचर सोडले आणि कामं ठरवली: आवाज कमी-जास्त करणं, पटकन म्यूट, चॅनल बदलणं, सगळं चालू-बंद करणं, एसीचं तापमान. प्रत्येक काम आईनं आणि अण्णांनी करायचं, एकदा लाईट लावून, एकदा घालवून. आणि परीक्षेआधी प्रत्येक रिमोट दोन दिवस नुसता वापरायला दिला, कारण पहिल्या दिवशी नवीन वस्तू हरणारच, आणि ते काही खरं हरणं नसतं.

परीक्षेला तिघं होते. एम. जी. रोडवरून आणलेला बटणांचा लर्निंग रिमोट (दुसऱ्या रिमोटचे सिग्नल शिकून घेणारा), माझ्या फोनमधला आयआर ब्लास्टर (रिमोटसारखा सिग्नल सोडणारा भाग, शाओमीच्या बऱ्याच फोनला वरच्या कडेला असतो तो), आणि गंगापूर रोडला राहणाऱ्या मित्राकडून आणलेला वायफायचा छोटा डबा, जो फोनवरून सांगितलं की टीव्हीला सिग्नल सोडतो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. तिन्ही शेवटी तोच डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतात, बहुतेक वेळा सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणारा. त्यामुळे "टचवाला स्लो असतो" असं जे लोक म्हणतात ते पूर्ण खरं नाही. डब्याला उशीर होत होता तो वायफायमुळे, फोनच्या ब्लास्टरला अजिबात होत नव्हता, आणि स्क्रीन तर दोन्हीकडे तीच. टचची चूक नसताना टचवर ढकलणं हा अन्याय आहे.

आता अंधारातली परीक्षा. इथे बटणं सरळ जिंकली. आईचा अंगठा पाचाच्या बटणावरच्या बारीक ठिपक्यावर गेला आणि तिथून तिनं न बघता चॅनल लावला. फोनवर तेच करायला आधी स्क्रीन जागी करायची, लॉक उघडायचा, अ‍ॅप शोधायचं, तोवर डोळ्यावर उजेड आणि सिरियलमधलं वाक्य गेलं. हात पिठाचे किंवा ओले असले की तर स्क्रीन ऐकतच नाही. आणि म्यूटचं तर बघा, म्यूट कधी लागतं? फोन आल्यावर. आणि इथे रिमोटच वाजत असतो.

पण अण्णांनी माझा अंदाज चुकवला. मला वाटलं होतं की वयस्कर माणसाला बटणंच बरी. त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षरं नीट लागत नाहीत, आणि रबरी बटणांवरची अक्षरं वर्षभरात पुसली जातात. फोनवर मी त्यांना फक्त चार मोठे चौकोन करून दिले, नाव मराठीत, आणि त्यांचं एकदाही चुकलं नाही. "हे वाचता येतंय मला," एवढंच म्हणाले. मला फार बरं वाटलं.

एसीमध्येही टच पुढे. एसीचा रिमोट प्रत्येक वेळी सगळी स्थिती एकदम पाठवतो, तापमान, मोड, पंखा, सगळं एकत्र. त्यामुळे लर्निंग रिमोटला समोरासमोर धरून "२४ कूल" शिकवलं तर तो कायम २४च पाठवणार, त्यातून एक-एक डिग्री कमी-जास्त होत नाही. स्क्रीनवर आकडा समोर दिसतो आणि काम होतं.

डब्याचा एक मोठा फायदा म्हणजे टीव्हीसमोर कोणी उभं राहिलं तरी अडत नाही. पण लाईट गेली की आमचा टीव्ही इन्व्हर्टरवर चालतो आणि राउटर नाही, म्हणजे डबा गेला आणि त्याच्यावर चालणारा फोनचा रिमोटही गेला.

एका बटणात सगळं चालू, हे मात्र कुणालाच धड जमलं नाही. आमच्या टीव्हीला चालू आणि बंदचा सिग्नल एकच आहे, त्यामुळे टीव्ही आधीच चालू असला तर तो उलट बंद होतो आणि बॉक्स चालू.

खरं तर स्क्रीन आणि खरी बटणं एकाच रिमोटवर, हा रस्ता लॉजिटेक कंपनीच्या हार्मनी रिमोटनं कधीच दाखवला होता, पण कंपनीनं २०२१ मध्ये ते रिमोट बनवणं थांबवलं याचं मला खरंच वाईट वाटतं.

सध्या टीपॉयवर बटणांचा रिमोट आहे, आणि माझा जुना फोन अण्णांच्या चार चौकोनांसाठी आणि एसीसाठी, लॉक काढून, चार्जरला लावून खुर्चीशेजारी. आईनं म्यूटच्या बटणावर नेलपेंटचा एक जाड थेंब लावलाय, वाळून टणक झालाय, बोटाला लगेच लागतो. काल अण्णा म्हणाले, आवाजाच्या बटणावर पण एक लाव.