रिनोव्हेशन: दोघांच्या मधलं काम कोणाचं?

रिनोव्हेशन काढलं की सगळे सांगतात प्लंबर चांगला बघ, सुतार चांगला बघ. माझ्याकडे सगळे कारागीर आपापल्या कामात हुशारच होते हो, तरी डोक्याला ताप झालाच, कारण लोचा होतो तो दोघांच्या मधल्या कामात. इलेक्ट्रिशियनने वायरिंगच्या पाइपासाठी भिंत फोडली, ती बुजवायची कोणी? तो म्हणे गवंडी करेल, गवंडी म्हणे माझ्या रेटमधे नाही. राडारोडा खाली कोण नेणार, तेच. मग मी प्रत्येकाचं काम कुठून कुठपर्यंत ते लिहून व्हॉट्सॲपवर टाकलं आणि सगळ्यांकडून 'ओके' घेतलं, कारण तोंडी ठरलेलं साइटवर कोणालाच आठवत नाही.

दुसरं, जे काम झाकलं जाणार ते झाकायच्या आधीच बघायचं. पाइपलाइनला पंप लावून प्रेशर दिलं आणि गेजचा काटा उतरत नाही याची खात्री केली, मगच प्लास्टर. बाथरूमला वॉटरप्रूफिंग झाल्यावर ट्रॅप (जमिनीतलं पाणी जायचं तोंड) बंद करून पाणी भरून 48 तास ठेवलं, टाइलवाला घाई करत होता, रात्रभर ठेवलं की पुरे म्हणत होता, पण मी ऐकलं नाही, खालच्या मजल्यावर जाऊन छत पण बघून आले. आणि भिंतीतल्या सगळ्या पाइप-वायरिंगचे फोटो काढले, फोटोत मेजर टेप धरून. हे तर कराच! नंतर भिंतीला ड्रिल मारायची वेळ आली की कळेल का ते.

शेवटच्या चेकिंगला सकाळी एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा गेले. टॉर्च भिंतीला चिकटून आडवा धरला की पुट्टीचे सगळे उंचवटे दिसतात, दिवसा भिंत एकदम गुळगुळीत वाटते. टाइलवर नाण्याने टकटक केलं, पोकळ आवाज आला तिथे मास्किंग टेप. आरसीसीबीचं (करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबून ट्रिप होतो का, प्रत्येक सॉकेटला चार्जर लावून, ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून, एसीच्या ड्रेन पाइपमधे पाणी ओतून बघितलं. बाथरूममधे बादली ओतली तर एका कोपऱ्यात पाणी साचलं. प्लंबर म्हणाला ढाळ टाइलवाल्याने चुकवला, टाइलवाला म्हणाला ट्रॅपच वर बसवलाय. फोनवर दोघंही बरोबरच वाटतात, म्हणून दोघांना एकाच वेळी बोलावलं, लेव्हल लावली, ट्रॅप बरोबर होता, टाइलवाल्याने तो कोपरा मुकाट्याने उखडून परत केला.

चेकिंगमधे सापडलेल्या राहिलेल्या कामांची लिस्ट करा, त्यात खोली, काम, कोणी करायचं, कधीपर्यंत एवढंच ठेवा. पण क्रम बघा. नवीन टाइलमुळे फरशी वर आली, दार घासायला लागलं, सुतार ते खालून तासणार म्हणजे ती कड परत रंगवायची, म्हणून सुताराची सगळी बारीकसारीक कामं संपल्याशिवाय पेंटरला शेवटचा हात मारू दिला नाही. तो जाम वैतागला होता, दुसरी साइट थांबलीये म्हणून.

प्रत्येकाच्या बिलातला थोडा भाग लिस्ट संपेपर्यंत राखून ठेवायचा हे काम द्यायच्या आधीच बोललेले, नाहीतर शेवटी पैसे अडवले की भांडणच होतं. ज्याची लिस्टमधली कामं संपून टेप निघाल्या त्याचे पैसे त्याच दिवशी दिले, मग बाकीच्यांचे पण फोन आपोआप यायला लागले.